थंडीतील तंबू, पत्र्याची भट्टी आणि आपला धंदा

हिवाळा तोंडावर आला की नगर, संगमनेर, श्रीरामपूर, अकोले येथील तंबू-ताडपत्रीच्या दुकानांत आणि पत्राकामाच्या कारखान्यांत आता एक नवे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. त्याच्या मोबाईलवर परदेशातील एक चित्र असते. बर्फात उभा केलेला पांढऱ्या कॅनव्हासचा तंबू, आत पत्र्याची भट्टी आणि छपरातून वर निघालेले धुराडे. ‘‘असा करून मिळेल का?’’ एवढाच त्याचा प्रश्न असतो. शिलाईवाल्याला वाटते, तंबू आपण शिवू. पत्रावाल्याला वाटते, भट्टी आपण ठोकू. दोघांचेही खरे आहे. हातात कसब आहे, माल बाजारात मिळतो, गिऱ्हाईक चालून आले आहे. तरीही हे काम घेण्यापूर्वी आमच्या कारागीर बांधवांनी थोडे थांबावे, कारण या वस्तूत चूक झाली तर गिऱ्हाईक तक्रार करायलाही परत येत नाही.

चित्रातील तंबू कोणाचा?

ज्या तंबूचे चित्र दाखविले जाते तो मुळात शिकाऱ्यांचा आहे. अमेरिकेच्या डोंगराळ भागात हरणाच्या मोसमात लोक आठ-आठ दिवस रानात मुक्काम करतात. बाहेर बर्फ, पारा शून्याच्या खाली. ओले कपडे वाळविणे, स्वयंपाक आणि ऊब या तिन्ही कामांसाठी तंबूत लाकडाची भट्टी ठेवतात. त्यांच्या देशात परवाना काढून शिकार करता येते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती अधिक कडक केली. आपल्याच जिल्ह्यात कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांचे अभयारण्य आहे. तेव्हा ‘शिकारीचा तंबू’ हा शब्द पाटीवर, जाहिरातीत किंवा पावतीवर कोठेही नसावा, आणि जे गिऱ्हाईक खरोखरच त्या कामासाठी तंबू मागत असेल त्याला सरळ नमस्कार करावा.

मग हा तंबू येथे मागतो कोण? बहुतेक मागणी अकोले तालुक्यातून येते. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातील सर्वांत उंच शिखर तेथे आहे. हरिश्चंद्रगड, रतनगड, घाटघर, साम्रदची सांदण दरी ही ठिकाणे आता मुंबई, पुणे, नाशिकच्या तरुणांना तोंडपाठ झाली आहेत. प्रवरेवरील विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. त्या भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या काठी हिवाळ्यात शनिवार-रविवारी तंबूंच्या रांगा लागतात आणि ३१ डिसेंबरला तर पाय ठेवायला जागा नसते. गावातील आदिवासी तरुण हे मुक्काम चालवितात. त्यांच्याजवळचे तंबू बहुधा नायलॉन-पॉलिएस्टरचे, बाहेरून आलेले, दोन हंगामांत फाटणारे. त्यांना टिकाऊ माल हवा आहे, आणि पाहुणा पहाटे थंडीने कुडकुडला तर पुढच्या वेळी येत नाही हेही त्यांना कळले आहे.

तंबूचे काम आपल्याला परके नाही. १४९० मध्ये मलिक अहमद निजामशहाने हे शहर वसविले तेव्हापासून येथे फौजांच्या छावण्या पडत आल्या आणि आजही नगर हे लष्करी छावणीचेच गाव आहे. ‘आईन-ए-अकबरी’त फर्राशखान्याचे वेगळे प्रकरण असून त्यात शामियाना आहे, रावटी आहे. आपण आज मराठीत ‘राहुटी’ म्हणतो ती हीच. असो. जुन्या नावाने आजचे पोट भरत नाही, म्हणून कामाच्या गोष्टीकडे वळू.

थंडी किती आणि ऊब कशाची?

आमचे म्हणणे प्रथमच स्पष्ट सांगतो. आपल्या जिल्ह्यातील थंडीसाठी तंबूच्या आत आगीची गरज नाही.

डिसेंबर-जानेवारीत नगरचा पारा दहा अंशांच्या खाली जातो. भंडारदऱ्याच्या काठाला वारा आणि दव असल्यामुळे थंडी अधिक बोचते. ही थंडी त्रासदायक आहे, परंतु बर्फाची नाही. अशा थंडीत माणूस गारठतो तो मुख्यतः खालून. अंगाखालची जमीन रात्रभर ऊब ओढून घेते. वरून तीन रजया घातल्या आणि खाली पातळ चटई असली तर पहाटे पाठ दुखणारच. उलट खाली ताडपत्री, तिच्यावर चांगली पिंजलेल्या कापसाची जाड गादी, वर रजई आणि तिच्यावर घोंगडी एवढे असले की भट्टीची आठवणही होत नाही. तंबू मोठा घेण्याचाही मोह नसावा. दोघांसाठी सहा माणसांचा तंबू लावला तर आतली सगळी हवा दोघांच्या अंगाने तापवायची असते. दार वाऱ्याच्या उलट दिशेला असावे आणि तंबू अगदी पाण्याच्या काठाशी, खोलगट जागेत लावू नये, कारण थंड हवा जड असते आणि रात्री उतरून तेथेच साचते.

येथे आमच्या पिंजारी-मन्सुरी बांधवांनी कान टवकारावेत. फोमच्या गाद्यांनी त्यांचा धंदा खाल्ला असे आपण नेहमी म्हणतो. मुक्काम चालविणाऱ्याला मात्र फोम परवडत नाही. तो दवाने ओला होतो, लवकर वाळत नाही आणि ठिणगी पडली तर विषारी धूर सोडतो. कापसाची गादी उन्हात टाकली की वाळते, दबली की पुन्हा पिंजता येते, खोळ धुता येते. एका मुक्कामावर वीस तंबू असले तर चाळीस गाद्या आणि चाळीस रजया लागतात, शिवाय दरवर्षी पुन्हा पिंजण्याचे काम वेगळे. धनगर-सणगरांची घोंगडी याच मालासोबत देता येते. लोकर सहजी पेट घेत नाही, ओली झाली तरी ऊब देते आणि शहरातल्या पाहुण्याला तिचे कौतुकही वाटते. भट्टीच्या चित्रामागे धावण्यापेक्षा हा धंदा मोठा आहे आणि तो रात्रीची झोप उडवीत नाही.

धूर नाही म्हणजे धोका नाही?

यापेक्षा अधिक घातक समजूत दुसरी नाही. ओल्या लाकडाचा धूर डोळ्यांना झोंबतो, माणूस खोकत बाहेर पळतो आणि वाचतो. फुललेल्या कोळशाच्या शेगडीला धूर नसतो, वास नसतो. म्हणून ती झोपताना आत ओढून घेतात आणि तंबूची चेन लावतात. कोळसा अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, गंध नाही. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहिला जातो त्या द्रव्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. डोके जड होते, मळमळते, हातापायांतील बळ जाते. जागा असलेला माणूस ते ओळखू शकतो. झोपलेल्याला काहीच कळत नाही.

हिशेब करून पाहू. आठ फूट लांब, आठ फूट रुंद, बाजूच्या भिंती तीन फूट आणि मधली उंची सात फूट अशा राहुटीत सुमारे ३२० घनफूट, म्हणजे नऊ हजार लिटर हवा मावते. पाव किलो कोळशात साधारण दोनशे ग्रॅम कार्बन असतो. त्याचा केवळ विसावा हिस्सा अर्धवट जळाला तरी सुमारे वीस लिटर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तंबू पूर्ण बंद असेल तर हवेच्या हजार भागांत हा दोन भागांहून अधिक झाला. एवढ्या प्रमाणात एक-दोन तासांत मृत्यू येतो. कॅनव्हासमधून हवा झिरपते, तेव्हा सगळा वायू आत राहणार नाही, असे कोणी म्हणेल. कोरड्या कॅनव्हासबाबत ते काहीसे खरे आहे. परंतु रात्री दव पडले की सुताचा धागा फुगतो आणि त्याची छिद्रे बंद होतात. याच गुणामुळे कॅनव्हास पाऊस अडवितो. पहाटे तंबू सर्वांत बंदिस्त असतो आणि माणसे सर्वांत गाढ झोपेत असतात.

गॅसचे हीटर यातून सुटलेले नाहीत. जानेवारी २०२० मध्ये केरळहून नेपाळमध्ये सहलीला गेलेले आठ जण दामन या थंड हवेच्या गावी एका खोलीत गॅस हीटर लावून, दारे-खिडक्या बंद करून झोपले. सकाळी ते बेशुद्ध सापडले आणि आठांतील एकही वाचला नाही. त्यांत लहान मुले होती. ती खोली पक्क्या बांधकामाची होती, तंबू तर तिच्यापेक्षा कितीतरी लहान. शिवाय एक किलो गॅस जळताना दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते. धुराडे नसलेल्या हीटरने तंबूच्या आतील बाजूला पाणी सुटते, अंथरूण ओलसर होते आणि हीटर बंद झाला की पहिल्यापेक्षा जास्त थंडी वाजते. म्हणजे जीव धोक्यात घालून मिळालेली ऊबही टिकत नाही.

झोपण्यापूर्वी घरातील आग विझवावी ही शिकवण हदीसमध्ये आलेली आहे आणि आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी ती पाळत आली आहेत. ओल्या धान्यावर कोरडे धान्य पसरून विकणाऱ्याला पैगंबरांनी (स.) कसे टोकले तोही प्रसंग आपण खुत्ब्यात ऐकलेला आहे. मालातील दोष झाकणे ही फसवणूक. मग जी शेगडी बंद तंबूत माणूस मारू शकते ती ‘तंबूची शेगडी’ म्हणून विकणे काय ठरेल याचा निर्णय ज्याने त्याने करावा. आमच्या मते पत्रावाल्याने शेगडी जरूर विकावी, उघड्यावरची म्हणून विकावी आणि गिऱ्हाइकाला तोंडाने तसे सांगावे.

उघड्यावरच्या शेगडीला तर मोठी मागणी आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ पासून अभयारण्य आहे. वन्यजीव कायद्याच्या ३० व्या कलमाप्रमाणे अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटविणे हा गुन्हा आहे. जमिनीवर तीन दगड मांडून केलेल्या शेकोटीची ठिणगी वाळलेल्या गवतात गेली तर डोंगर जळतो. गावाच्या हद्दीत, परवानगी असलेल्या जागी वापरण्यासाठी चार पायांची, जमिनीपासून वीतभर उंच, खाली राखेचा ट्रे आणि वर जाळीचे झाकण असलेली शेकोटी लागते. अर्ध्या दिवसाचे काम आहे. मुक्कामवाल्याने तिच्यासोबत वाळूची बादली आणि पाण्याचे पिंप ठेवावे. झोपण्यापूर्वी तिच्यावर तापविलेले पाणी रबरी पिशवीत भरून अंथरुणात घेतले तर पायाची ऊब तासन्‌तास राहते.

हिमालयात जाणारे गिऱ्हाईक

सगळेच गिऱ्हाईक भंडारदऱ्याचे नसते. काही संस्था हिवाळ्यात हिमाचल, उत्तराखंड, काश्मीरकडे तुकड्या नेतात आणि त्यांना खरोखर भट्टीचा तंबू लागतो. काश्मीरमध्ये आणि उंचावरील लष्करी चौक्यांत अशा भट्टीला बुखारी म्हणतात. बुखारीचे सगळे मर्म तिच्या धुराड्यात आहे. आत जळते ते सगळे बाहेर गेले पाहिजे. हे काम घ्यायचे असेल तर पुढील गोष्टींत तडजोड चालणार नाही.

भट्टी काळ्या पत्र्याची किंवा स्टेनलेस स्टीलची करावी. बाजारात सहज मिळणारा जी. आय. पत्रा येथे वापरू नये. त्याच्यावरचा जस्ताचा मुलामा ४१९ अंशांवर वितळतो आणि तापलेल्या जस्ताच्या धुराने थंडी-ताप भरतो. जी. आय. पत्र्यावर वेल्डिंग करणाऱ्या कारागिरांना तो ताप माहीत आहे. पत्रा निदान अठरा गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, असावा. पाठीवर ओझे वाहायचे म्हणून पातळ पत्रा मागितला जातो, तो लाल होऊन वाकतो. दार घट्ट बसणारे असावे आणि हवा कमी-जास्त करण्याची झडप दारात असावी. काही जण धुराड्यातही झडप बसवितात. ती पूर्ण बंद होणारी नसावी, कारण रात्री लाकूड वाचविण्यासाठी ती लावली की वायू आत फिरतो. झडपेच्या चकतीत भोक ठेवले म्हणजे काम भागते.

धुराडे तीन किंवा चार इंची नळीचे, तुकड्यांत करावे. वरच्या तुकड्याचे टोक खालच्या तुकड्याच्या आत बसले पाहिजे. अनेक जण उलटे करतात. नळीत धुराचे काळे, चिकट पाणी साचते आणि उलट जोडातून ते तंबूवर ओघळते. नळी तंबूच्या आढ्यापेक्षा वर जावी, नाहीतर वारा धूर परत आत ढकलतो. टोकाला ठिणग्या अडविणारी जाळी आणि टोपी हवी. ती जाळी काजळीने भरते, म्हणून सहज निघेल अशी करावी.

नळी कापडातून जेथे बाहेर पडते ती जागा सर्वांत नाजूक. पूर्वी तेथे आसबेस्टॉसचा तुकडा लावण्याची रीत होती. त्याची धूळ फुप्फुसाचा कर्करोग देते, तेव्हा त्याचे नाव घेऊ नये. सिलिकॉनचा लेप असलेले काचतंतूचे कापड मिळते. त्याचा हातभर चौकोन कापून दोन्ही बाजूंनी शिवावा आणि मध्ये नळीच्या मापाचे भोक पाडावे. भट्टी भिंतीपासून निदान दोन फूट दूर, पायांवर उभी आणि खाली पत्रा अंथरलेला असावा. तंबूला खाली एक आणि आढ्याजवळ एक अशी दोन झरोके हवीत आणि ती आतून बंद करता येऊ नयेत. गिऱ्हाईक म्हणेल, थंडी येते. येऊ द्यावी. झोपताना आग विझवावी हा नियम भट्टीलाही लागू आहे. कार्बन मोनॉक्साइड ओळखून वाजणारी बॅटरीची घंटा मिळते. ती तंबूसोबतच द्यावी आणि तिचे पैसे बिलात लावावेत. घेणार नसाल तर भट्टी देत नाही, असे सांगण्याची आमच्या कारागिरात हिंमत असावी.

नवी भट्टी दुकानाबाहेर उघड्यावर एकदा चांगली पेटवून द्यावी. पत्र्यावरचे तेल आणि रंग जळण्याचा पहिला धूर गिऱ्हाइकाच्या तंबूत जाऊ नये.

कापडाची निवड

भट्टी असो वा नसो, तंबूचे कापड हाच कारागिराच्या इमानाचा कस आहे. प्लास्टिकची ताडपत्री ११० ते १३० अंशांत वितळते. नायलॉन २२० ते २६० आणि पॉलिएस्टर सुमारे २५५ अंशांवर वितळून थेंबथेंब खाली पडते आणि पेटता थेंब अंगाला चिकटतो. सुती कॅनव्हास वितळत नाही. त्याच्यावर ठिणगी पडली तर बहुधा काळे भोक पडते. मात्र सुती म्हणून तो जळत नाही असे कोणी सांगू नये. मेण किंवा पॅराफिन लावून पाणीरोधक केलेला कॅनव्हास तर भराभर पेटतो. कापड घेताना चिंधी कापून, उघड्यावर, चिमट्यात धरून पेटवून पाहावी. आग बाजूला केल्यावर ती किती वेळ जळत राहते यावरून व्यापारी खरे बोलला की नाही ते समजते. सात भाग टाकणखार आणि तीन भाग बोरिक अ‍ॅसिड शंभर भाग पाण्यात विरघळवून त्यात कापड भिजवून वाळविले तर ते सहसा पेट घेत नाही. लग्नमंडपाच्या आतील पडद्यांना हा उपाय स्वस्त आहे. बाहेरच्या तंबूला तो उपयोगी नाही, पहिल्याच पावसात धुऊन जातो.

वर सांगितलेल्या आठ बाय आठच्या राहुटीला छप्पर, चारही भिंती धरून सुमारे २१८ चौरस फूट कापड लागते. शिवण, मुडप आणि दाराची दुहेरी पट्टी मिळून २५० धरावे. छत्तीस इंची पन्ह्याचे कापड असले तर ते अठ्ठावीस वार होते. चौरस मीटरला ३४० ग्रॅम वजनाचा कॅनव्हास घेतला तर नुसत्या कापडाचे वजन आठ किलोच्या आसपास भरते. म्हणजे ही वस्तू पाठीवर घेऊन गड चढण्याची नाही, मुक्कामावर हंगामभर उभी ठेवण्याची आहे. गिऱ्हाइकाला हे आधी सांगितले तर पुढचा वाद टळतो. शिवण दुहेरी मुडपलेली, धागा सुताचे वेष्टण असलेला घ्यावा. ओला झाला की तो फुगतो आणि सुईची भोके आपोआप भरतात. रिंगा पितळी लावाव्यात, लोखंडी रिंग एका पावसाळ्यात गंजून कापड खाते.

मीनातील आगीने काय शिकविले?

तंबू आणि चूल यांची सर्वांत भयंकर गाठ आपल्या समाजाने पाहिली आहे. १५ एप्रिल १९९७ रोजी, ८ जिलहिज्जा १४१७ ला, हाजी मीनात जमत असताना गॅसच्या चुलीने आग लागली. जोराचा वारा होता, कापडी तंबू एकमेकांना खेटून होते. सुमारे सत्तर हजार तंबू जळाले, सरकारी आकड्याप्रमाणे ३४३ हाजी मृत्युमुखी पडले आणि दीड हजारांवर जखमी झाले. त्यांत भारतातील हाजी मोठ्या संख्येने होते. त्यानंतर सौदी सरकारने तेथील सुती तंबू काढले, टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूच्या कापडाचे, आगीला दाद न देणारे तंबू उभारले आणि तंबूत गॅस पेटविण्यावर बंदी घातली. आज हजला जाणारा त्या पांढऱ्या तंबूंतच राहतो.

आपल्याकडे इज्तेमा, उरूस, लग्न, सगळीकडे मंडप असतो आणि मंडपाच्या पाठीला भटारखाना. मंडपवाल्या बांधवांनी भटारखान्याची कनात पत्र्याची करावी आणि ती मंडपापासून दूर ठेवावी, सिलिंडर कापडाच्या आत ठेवू नयेत. घरगुती लाल सिलिंडर तर धंद्यात वापरणे बेकायदाच आहे. मीनात तंबू एकमेकांना खेटून होते, हीच गोष्ट भंडारदऱ्याच्या काठी ३१ डिसेंबरला दिसते. दोन तंबूंत निदान दहा फुटांची वाट राहील एवढेच तंबू लावा, असे विकणाऱ्यानेच मुक्कामवाल्याला सांगावे. त्यात दोन तंबू कमी खपले तरी चालतील.

ज्याचे चित्र मोबाईलवर येत नाही

जिल्ह्यात थंडीत तंबूखाली झोपणारे सर्वांत जास्त लोक पर्यटक नाहीत. ते ऊसतोडणी मजूर आहेत. दिवाळी सरली की पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडील आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातील कुटुंबे कारखान्यांच्या तळावर येतात. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना ज्या प्रवरा काठी उभा राहिला त्याच काठी आजही या कोप्या पडतात. बांबूच्या कामट्या, वर प्लास्टिकची ताडपत्री, आत वाळलेल्या पाचटाचे अंथरूण आणि दाराशी चूल. थंडीने चूल आत सरकते. वर वितळणारे प्लास्टिक, खाली पाचट आणि मध्ये लहान मुले. भट्टीच्या तंबूतील जेवढे धोके वर लिहिले तेवढे सगळे येथे एकाच कोपीत आहेत, आणि तिला धुराडे नाही.

मुकादम ताडपत्रीचे गठ्ठे आपल्याच दुकानांतून नेतो. त्याला स्वस्त माल हवा असतो आणि त्याच्यापुढे कॅनव्हासचे व्याख्यान देऊन उपयोग नाही, हे आम्ही जाणतो. परंतु दोन गोष्टी होऊ शकतात. पत्रावाल्याने जुन्या तेलाच्या डब्याची, तीन बाजूंनी बंद, वर हातभर नळी असलेली चूल केली तर ज्वाला वाऱ्याने कोपीकडे वळत नाही. जुन्या डब्याची असल्यामुळे ती महागही पडत नाही. दुसरे असे की, कोपीची चुलीकडील बाजू ताडपत्रीऐवजी जुन्या पत्र्याच्या तुकड्याने बंद करता येते. गठ्ठ्यामागे एक पत्रा फुकट देणारा दुकानदार काही बुडणार नाही, आणि पुढच्या वर्षी मुकादम दुसऱ्या दुकानात जाणारही नाही.

काम कसे घ्यावे?

शिलाईवाला, पत्रावाला, पिंजारी आणि ताडपत्रीचा व्यापारी हे चौघे आज चार ठिकाणी बसून आपापल्या नशिबाला दोष देतात. मुक्काम चालविणाऱ्याला मात्र सगळा संच एकत्र हवा असतो. तंबू, खालची ताडपत्री, गाद्या, रजया, घोंगड्या आणि बाहेरची शेकोटी. चौघांनी मिळून एक भाव दिला तर मुंबईच्या मालाशी टक्कर देता येईल, कारण दुरुस्तीला माणूस जवळ असणे हे मुंबईवाल्याजवळ नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पी. एम. विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत शिंपी आणि लोहार आहेत. प्रशिक्षण आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतची मदत मिळू शकते. योजनेतील कर्ज व्याजाचे आहे, त्याबाबत ज्याने त्याने आलिमांना विचारून ठरवावे. अवजारांच्या मदतीला मात्र ती अडचण नाही.

प्रत्येक तंबूच्या दाराच्या आतल्या बाजूला, पडून वाचता येईल अशा जागी, कापडी पट्टी शिवावी आणि तिच्यावर मराठी व हिंदीत ठळक छापावे: ‘आत शेगडी, कोळसा, गॅस पेटवू नये. डोके दुखले, मळमळले तर सर्वांना घेऊन ताबडतोब बाहेर या. रुग्णवाहिका १०८.’ खाली दुकानाचे नाव आणि फोन. पावतीवरही हेच लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यावी.

उधारीबद्दल एक शब्द. मुक्कामवाल्याचा पैसा डिसेंबर-जानेवारीत हातात खेळतो. आपली बाकी तेव्हाच उचलावी, होळीनंतर तो पुढच्या हंगामाच्या गोष्टी सांगतो. मेच्या अखेरीस काजव्यांचा मोसम येतो तेव्हा थोडी हालचाल होते, नंतर पाऊस. तंबू दमट असताना घडी घातला तर आठ दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि कापड कुजते. म्हणून पावसाळ्यापूर्वी मुक्कामवाल्यांचे तंबू उतरवून आणावेत, कडक उन्हात वाळवून, रिंगा-दोऱ्या बदलून, गाद्या पिंजून आपल्याच गोदामात माळ्यावर ठेवावेत आणि त्याचे भाडे लावावे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत शिलाईयंत्रे रिकामी असतात, त्या चार महिन्यांचे काम यातून निघेल. नव्या तंबूंची मागणी गणपतीच्या सुमारास सुरू होते, तेव्हा कापडाचा सौदा त्याआधीच करून ठेवलेला बरा.